दुखण्याचे नाव आणि दुखणे

मराठी घरात आजारपणाविषयी बोलताना लक्षण, मोजमाप आणि रोग या तीन निराळ्या गोष्टी बहुधा एकाच पंगतीत बसवल्या जातात. ‘ताप आलाय’, ‘कावीळ झालीये’, ‘बीपी आहे’ ही वाक्ये बोलणाऱ्याला सारखीच वाटली, तरी वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने त्यांतले एकही रोगाचे नाव नाही. रुग्ण जे सांगतो ते लक्षण आणि डॉक्टरला तपासताना जे दिसते ते चिन्ह, असा भेद हे शास्त्र करते. त्या दोहोंमागे जे दडलेले असते त्याच्या शोधाला निदान म्हणतात.

काविळीच्या बाबतीत हा भेद फार मोलाचा आहे. रक्तातील लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्या मोडल्यावर बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तात मिसळून आतड्यात सोडते आणि शौचाला नेहमीचा रंग येतो तो त्यामुळेच. रक्तातील हे प्रमाण एरवी डेसिलिटरला सुमारे १ मिलिग्रॅमपर्यंत असते. ते दुपटी-तिपटीने वाढले की डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसू लागतो. मात्र ही वाढ लाल पेशी अतिवेगाने फुटल्याने, यकृताला सूज आल्याने किंवा पित्तनलिकेत खडा अडकल्याने, अशा अगदी वेगळ्या कारणांनी होऊ शकते. नलिका अडली असेल तर पित्त आतड्यात उतरत नाही, म्हणून शौच मातकट-पांढुरके, लघवी गडद आणि अंगाला खाज असे चित्र दिसते. दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ‘ए’ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि त्याचे श्रेय गळ्यातल्या माळेला मिळते, परंतु खडा माळेने सरकत नाही, आणि ‘कावीळच तर आहे’ असे म्हणत घालवलेले दिवस अशा रुग्णाला फार महाग पडतात.

बीपी म्हणजे नुसता रक्तदाब, जो प्रत्येक जिवंत माणसाला असतोच. दंडाला बांधलेल्या पट्ट्यातील हवा हळूहळू सोडताना स्टेथोस्कोपमधून पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा दाब, आणि आवाज विरतो तो खालचा, म्हणजे हृदय सैल पडतानाचा; हे आवाज रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये नोंदवले. दाब वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक भरत राहिला, तर सामान्यतः त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. आकडा खाली आला की ‘बीपी गेला’ असे समजून गोळी परस्पर बंद करणारे घरोघरी आढळतात. वास्तविक तो आकडा बहुधा गोळीनेच खाली ठेवलेला असतो.

‘अक्यूट’ या शब्दाचे ‘तीव्र’ हे भाषांतरही असेच चकवते, कारण त्या शब्दाचा रोख वेदनेपेक्षा काळाकडे असतो: जे अचानक उद्भवले ते अक्यूट आणि जे महिनोन्महिने रेंगाळले ते क्रॉनिक. दुसऱ्यासाठी मराठीत ‘जुनाट’ हा नेमका शब्द आहे आणि तो डॉक्टरांनीही अधिक वापरावा.

कोणाकडे जायचे हेही निदानावर ठरते. मेडिसिन विषयातील एमडी म्हणजे फिजिशियन औषधांनी उपचार करतो, जनरल सर्जरीतील एमएस शस्त्रक्रिया करतो, तर डीएम आणि एमसीएच या त्यांपुढील पदव्या एकेका इंद्रियसंस्थेच्या तज्ज्ञांच्या असतात. पित्तनलिकेतील खडा पुष्कळदा पोटविकारतज्ज्ञ तोंडावाटे दुर्बीण घालून काढतो. अहवालावर सही करणारा पॅथॉलॉजिस्ट मात्र बहुतेक रुग्णांना कधी दिसतही नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील ‘एसओएस’ हाही ‘अक्यूट’सारखाच चकवणारा शब्द. तो संकटाचा इशारा नसून ‘गरज पडल्यास’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दसमूहाचे लघुरूप आहे. पॅरासिटामॉलपुढे तो लिहिलेला असेल, तर ताप किंवा वेदना असेल तेव्हाच आणि सांगितलेले अंतर राखूनच गोळी घ्यायची असते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतेच, त्यामुळे दोन्ही मिळून बेरीज करावी लागते. प्रौढांसाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते, यकृत आधीच दुखावलेले असेल तर त्याहूनही कमी, आणि ती फार ओलांडली गेली तर यकृताच्याच पेशी मरू लागून डोळे पुन्हा पिवळे होऊ शकतात.