जुन्या चित्रपटांतला वर्णद्वेष: कापावा की दाखवावा?

सेन्सॉर मंडळाची कात्री आपल्या ओळखीची आहे. आता दुसरी एक कात्री खाजगी स्ट्रीमिंग कंपनीच्या हातात आहे, आणि ती कधी चालली हे प्रेक्षकाला कळतही नाही. 1969 सालच्या ‘इंतकाम’मध्ये हेलनचं एक गाजलेलं नृत्य आहे. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, आवाज लता मंगेशकरांचा. लताबाईंनी कॅबरेची गाणी फार थोडी गायली, त्यांतलं हे सर्वांत लोकप्रिय म्हणता येईल. पडद्यावर मात्र एका पिंजऱ्यात काळ्या रंगाने माखलेला माणूस कोंडलेला आहे आणि हेलन त्याला खुणावत, खिजवत नाचते. काळा माणूस म्हणजे वासनेने पेटलेलं जनावर, एवढाच त्या पिंजऱ्याचा अर्थ. गोव्यातल्या मंगेशीशी नातं सांगणारा लताबाईंचा सूर आणि हे दृश्य एकाच गाण्यात आहेत. अशी दृश्यं स्ट्रीमिंग कंपन्यांनी काढून टाकावीत का? माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. पण काहीही न सांगता ती प्रेक्षकासमोर टाकणंही मला मान्य नाही.

काळ्या माणसाच्या चित्रणाचा हा वाद अमेरिकेचा, आपला काय संबंध, असं गोव्यातल्या सर्वण-पेडण्याच्या वाचकाला वाटू शकेल. संबंध जुना आहे. पोर्तुगीजांनी मोझांबिकहून माणसं गुलाम म्हणून गोव्यात आणली; काही गावांत खाप्रो देवाच्या रूपाने त्या माणसांची आठवण आजही पूजली जाते. आणि त्याच गोव्यात 2013 साली, पर्रा इथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाल्यावर त्याच्या देशबांधवांनी निषेध म्हणून पर्वरीला रस्ता अडवला तेव्हा, राज्याचे त्या वेळचे कला व संस्कृती मंत्री दयानंद मांद्रेकर यांनी नायजेरियनांना कॅन्सरची उपमा दिली. पुढे त्यांनी माफी मागितली. त्याच्या पाच वर्षं आधी मधुर भांडारकरांच्या ‘फॅशन’मध्ये नायिकेच्या अधःपाताचा तळ दाखवायला काय वापरलं होतं? ती सकाळी शुद्धीवर येते आणि शेजारी काळा पुरुष दिसतो, एवढंच. 1969 ते 2013, धागा तुटलेला नाही. ‘इंतकाम’मधला पिंजरा कापला तर हा धागा कुठून आला ते दाखवायचा पुरावाच आपण नष्ट करू. शिवाय गोवेकर या व्यवहारात दोन्ही बाजूंना आहे. ‘बॉबी’तल्या जॅक ब्रागांझापासून हिंदी पडद्यावरचा गोवेकर ख्रिश्चन बाटलीशिवाय क्वचितच दिसला. तो अपमान झाला होता हे उद्या सिद्ध करायचं, तर मूळ चित्रपट शाबूत हवेत.

काढून टाकण्याचा प्रयोग अमेरिकेत झालेला आहे. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसाकडून हत्या झाल्यानंतर, जून 2020 मध्ये, एचबीओ मॅक्सने ‘गॉन विथ द विंड’ उतरवला. गुलामगिरीला गोंडस करणारा हा 1939 चा चित्रपट. पण याच चित्रपटासाठी हॅटी मॅकडॅनियल ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलावंत ठरली, आणि त्या समारंभात तिला वेगळ्या टेबलावर बसवलं गेलं. चित्रपट गाडला असता तर तिचं कामही गाडलं गेलं असतं. दोनेक आठवड्यांत तो परतला, तोही अखंड, आरंभी चित्रपट-अभ्यासक जॅकलिन स्ट्युअर्ट यांचं विवेचन जोडून. याच्या उलट उदाहरण ‘द फ्रेंच कनेक्शन’चं. 2023 मध्ये प्रेक्षकांच्या लक्षात आलं की पोलीस नायकाच्या तोंडचा वर्णवाचक शब्द असलेला तुकडा क्रायटेरियनच्या स्ट्रीमिंग आवृत्तीतून गायब आहे. ना सूचना, ना खुलासा. तो शब्द त्या पोलिसाचा द्वेष उघडा पाडत होता. तो कापल्यावर पोलीस स्वच्छ झाला. सेन्सॉर मंडळाने सुचवलेले काप निदान प्रमाणपत्रावर नोंदवले जातात. कंपनीच्या कापाची नोंद कुठेच नसते. घरात कॅसेट होती तेव्हा मूळ प्रत आपल्या कपाटात राहायची. आता वर्गणीदाराच्या मालकीचं काहीच नाही, आणि सर्व्हरवर बदल झाला की तो एका क्षणात सगळ्यांसाठी होतो. मूकपटांच्या काळातले आपले बहुतेक चित्रपट निष्काळजीपणाने कायमचे गेले. उरलेले हेतुपुरस्सर कुरतडू देणं परवडणारं नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की, ज्याचा अपमान झाला त्यानेच तो पुन्हा पुन्हा का सोसावा? इतिहास जपण्याची किंमत त्याच्याकडूनच का वसूल करावी? हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच मी ‘जसंच्या तसं सोडा’ म्हणत नाही. चित्रपट संग्रहात असणं वेगळं आणि कंपनीने तो मुलांच्या यादीत, ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून पुढे सरकवणं वेगळं. दुसरं काम जाहिरातीचं आहे, त्याला इतिहासाचं संरक्षण नाही. निर्माता स्वतः उघडपणे चूक मान्य करत असेल तर तेही वेगळं. 2007 साली ‘आजा नचले’च्या गाण्यातल्या जातिवाचक ओळीवरून उत्तर प्रदेशात बंदी आली, तेव्हा यशराजने माफी मागून ती ओळ काढली. सगळं उजेडात झालं, ताज्या चित्रपटाबाबत झालं. दुसरा आक्षेप, सूचना कोण वाचतो? दोन ओळींची सूचना कुणी वाचत नाही, हे बरोबर. म्हणून ती दृश्यात नेमकं काय आहे आणि ते का अपमानास्पद आहे हे सांगणारी हवी, आणि मराठी प्रेक्षकासाठी मराठीत हवी.

हे मागायला नवा कायदा लागत नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक स्ट्रीमिंग कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याने पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आजवर या वाटेने ‘हे काढा’ अशी मागणी करण्याचीच सवय आपल्याला लागली आहे. वाचकांनी ‘हे काढू नका, यासोबत खुलासा द्या, आणि काही कापलं असेल तर ते जाहीर करा’ अशी तक्रार लिहावी, आणि ती मराठीतच लिहावी.