संगणकाची किल्ली कोणाच्या खिशात?

शाळेच्या ग्रंथालयात संगणक कसा वापरावा, हा काय वर्तमानपत्रात लिहिण्याचा विषय आहे, असे काही वाचक विचारतील. अत्याचाराची प्रकरणे पडून आहेत, शिष्यवृत्त्या थकल्या आहेत, आणि वकील माणूस माऊस-कीबोर्डवर लिहीत बसला! परंतु गेल्या काही वर्षांत पालक माझ्याकडे ज्या तक्रारी घेऊन येतात, त्यांत शाळेतल्या संगणकावरून सुरू झालेल्या भांडणांची भर पडत चालली आहे. या भांडणात ज्या मुलाचे नुकसान होते ते बहुतेक वेळा वस्तीतलेच असते. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे, त्याला शाळेने महिनाभर संगणकाला हात लावू दिला नाही तरी त्याचे काही अडत नाही. ज्याच्या घरात एकच मोबाईल आहे आणि तोही सकाळी बापाच्या खिशातून कामावर जातो, त्या मुलाचा अभ्यास मात्र तिथेच थांबतो. म्हणून हा विषय आपला आहे.

केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या युडायस प्लस अहवालानुसार देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट पोहोचले आहे. म्हणजे तीनपैकी एका शाळेत अजून यंत्रच नाही. पण जिथे आहे तिथे तरी मुलाचा हात त्याला लागतो काय? हे कोणतीही टक्केवारी सांगत नाही. कामानिमित्त मी ज्या शाळांत गेलो, तिथले दृश्य बहुधा ठरलेले असते. ग्रंथालय म्हणून एक खोली, पुस्तकांची दोन कपाटे, कोपऱ्यात संगणक, त्याच्यावर प्लॅस्टिकचे आवरण आणि दाराला कुलूप. शालार्थची बिले आणि सरलची माहिती भरायची असली की ते आवरण निघते. तपासणीचे साहेब आले की निघते. मुलांसाठी मात्र ते क्वचितच निघते. विचारले तर उत्तर तयार असते, ‘मुले बिघडवतात.’

साताऱ्याच्या शाळेत बालपणी बाबासाहेबांना नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी उघडली तर पाणी. शिपाई जागेवर नसला की तहानलेलेच राहायचे. नळ होता, पाणीही होते. पुढे १९२३ साली मुंबई कायदे मंडळात बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तरीही त्या पाण्यापर्यंत ओंजळ पोहोचायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. आज शाळेत कोणी जात विचारून संगणक नाकारतो, असे मी सरसकट म्हणणार नाही. पण सरकारी पैशातून आलेली वस्तू कोणाच्या तरी मर्जीवर उघडते आणि बंद होते, तेव्हा ती मर्जी शेवटी कोणाकडे झुकते हे आपल्याला पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. वर्गातला चुणचुणीत, शिक्षकांच्या ओळखीचा मुलगा ‘सर, मी बसू का?’ असे विचारतो आणि बसतो. मागच्या बाकावरची मुलगी विचारतच नाही.

म्हणून जबाबदार वर्तनाचा पहिला नियम ‘हे करू नका’ असा नसावा. ‘तुझी वेळ अमुक वाराला, अमुक वाजता’ असा असावा. हजेरी क्रमांकानुसार वीस-वीस मिनिटांची यादी भिंतीवर लावली की न मागणाऱ्यालाही मिळते. शाळा सुटल्यावरचीच वेळ ठेवली तर मुली घराकडे पळतात आणि यंत्राभोवती मुलांचा गराडा पडतो. तेव्हा शाळेच्या वेळातच त्यांची बारी लागली पाहिजे. या साध्या गोष्टी आहेत. त्यांना निधी लागत नाही.

आता दुसरी बाजू. आपल्या मुलांचेही चुकते, हे झाकून चालणार नाही. ग्रंथालयात बसून तासभर गाण्यांचे व्हिडिओ पाहणे, मागचा मुलगा वाट पाहत असताना खेळ न सोडणे, बाहेरून आणलेला पेनड्राइव्ह खुपसून यंत्रात व्हायरस सोडणे, दुसऱ्याने जपून ठेवलेली फाईल गंमत म्हणून पुसून टाकणे, हे सगळे मी ऐकले आहे. सार्वजनिक वस्तू कोणाचीच नाही असे समजणे ही आपल्या देशाची जुनी खोड आहे. ती सर्वांची आहे, म्हणजे माझ्यानंतर बसणाऱ्याचीही आहे, हे मुलाला घरातून सांगितले पाहिजे. शिक्षकांवर सगळे ढकलून मोकळे होता येणार नाही.

नकलेचा प्रश्न तर त्याहून गंभीर आहे. १४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की मुले भाषणासाठी संगणकावर बसतात. पहिले जे पान उघडेल ते जसेच्या तसे उतरवतात. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेला एक ओळ लिहून दिली की अख्खे भाषण तयार मिळते. त्यात बाबासाहेबांच्या नावावर अशी वाक्ये असतात, जी त्यांनी कुठे लिहिली वा कोणत्या सभेत उच्चारली याचा पत्ताच नसतो. सुविचारासारखी गुळगुळीत, फोटोखाली छापलेली वाक्ये. मुलगा ती टाळ्यांच्या गजरात म्हणतो आणि आपणही टाळ्या वाजवतो! ज्या माणसाने प्रत्येक विधानाखाली आधार दिला, त्याच्याच नावावर बिनआधाराची वाक्ये खपवायची, ही त्याच्या विद्वत्तेची थट्टा आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस’चे खंड काढायला सुरुवात केली. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य झिजवले. ते खंड कपाटातही ठेवता येतात आणि संगणकावरही वाचता येतात. शाळेत संगणकाची जागा ग्रंथालयात असण्याचा खरा अर्थ इथे आहे. पडद्यावर वाक्य दिसले की उठून कपाटातल्या पुस्तकात ते शोधायचे. सापडले तर खंड आणि पान लिहायचे, नाही सापडले तर वाक्य सोडून द्यायचे. ही सवय आठवीत लागली तर पुढे कोर्टात, विद्यापीठात, सभेत कुठेही मुलगा उघडा पडणार नाही.

आता एक प्रकरण सांगतो. शाळेचे व गावाचे नाव देत नाही. आठवीतला एक मुलगा आपली वेळ संपल्यावर ई-मेलमधून बाहेर न पडताच वर्गात गेला. त्याच्यामागून बसलेल्या कोणीतरी त्याच्या नावाने एका शिक्षिकेला घाणेरडा मजकूर पाठवला. दुसऱ्या दिवशी या मुलाला कार्यालयात उभे केले गेले. ‘मी पाठवला नाही’ असे तो म्हणाला. त्याला खोटारडा ठरवण्यात आले. त्याचा संगणक तर बंद झालाच, ग्रंथालयातून पुस्तक नेणेही बंद झाले आणि ‘दाखला काढून न्या’ असे आईला तोंडी सुनावण्यात आले. ती माऊली धुणीभांडी करते. माझ्याकडे आली तेव्हा तिने एकच विचारले, “वकीलसाहेब, माझ्या पोरानं नेमकं केलं काय, ते तरी मला सांगा.”

मी शाळेला लेखी विचारले, त्या वेळी संगणकावर कोण बसले होते याची नोंदवही दाखवा. नोंदवहीच नव्हती. नियम लेखी आहेत काय? नव्हते. मुलाचे म्हणणे लिहून घेतले काय? घेतले नव्हते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि कलम १७ प्रमाणे मारहाण तर नाहीच, मानसिक छळही करता येत नाही, एवढेच पत्रात लिहिले. शाळेने दाखल्याची भाषा सोडली. खरा पाठवणारा कोण, ते अखेरपर्यंत कळले नाही. पण या सगळ्यात चार महिने गेले. तो मुलगा शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी त्याच ग्रंथालयात करीत होता. ते चार महिने त्याला कोणतेही कलम परत देऊ शकत नाही.

दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क प्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. हे मुलांना जरूर सांगावे. उठताना बाहेर पडण्याचे बटण दाबणे ही दप्तर बंद करण्याइतकी साधी सवय आहे. मात्र तेरा-चौदा वर्षांच्या मुलामागे पोलीस लावावेत, या मताचा मी नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३ मध्ये निरपराध गृहीत धरणे आणि नैसर्गिक न्याय ही तत्त्वे बालकांसाठी लिहून ठेवली आहेत. विधिसंघर्षग्रस्त बालकालाही त्याचे म्हणणे मांडण्याची संधी कायदा देतो. मग शाळेच्या कार्यालयात ती का मिळू नये?

आणि शिक्षा म्हणून ग्रंथालय बंद करणे तर मुळातच चूक. केरळमध्ये कोळिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात सायंकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल वापरायला मुलींना बंदी होती. बंदी न मानणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढले गेले. ती उच्च न्यायालयात गेली. ‘फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला व तिला परत घेण्याचा आदेश दिला. तो निकाल महाविद्यालयीन मुलीचा आहे आणि केरळातला आहे, हे मान्य. पण शिस्तीच्या नावाखाली अभ्यासाचे साधनच हिरावून घेता येत नाही, हे त्यातले तत्त्व आपल्या शाळांनाही विचारात घ्यावे लागेल.

खासगीपणावरून आठवले. कोणी काय शोधले ते यंत्रात नोंदले जाते. शिक्षकांनी देखरेख ठेवावी, घातक संकेतस्थळे बंद ठेवावीत. ते त्यांचे कामच आहे. पण एखाद्या मुलीने मासिक पाळीविषयी किंवा घरातल्या मारहाणीविषयी काही शोधले असेल, तर ते वर्गात वाचून दाखवायचे नसते. तिला बाजूला घेऊन ‘काही अडचण आहे का’ असे विचारायचे असते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या वस्त्यांना नेहमी भोवते. महापुरुषांची विटंबना करणारे चित्र किंवा जातीवरून शिवीगाळ करणारा मजकूर मुलाला संगणकावर दिसला, तर त्याने काय करावे? रागाने तो दहा जणांना पाठवला तर विटंबना दहापट पसरवणारा तोच ठरतो. तशीच शिवी उलट दिली तर तक्रारदाराचा आरोपी होतो. पडद्याचे छायाचित्र, पानाचा पूर्ण पत्ता, तारीख, वेळ एवढे टिपून शिक्षकांना आणि घरी सांगावे. पुढचे मोठ्यांनी पाहावे. हे आमच्या कार्यकर्त्यांनीही शिकायला हरकत नाही.

सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा हवी. आपले पालक तिथे नावाला असतात, सही करून चहा पिऊन येतात. पुढच्या बैठकीत त्यांनी तीनच गोष्टी मागाव्यात: भिंतीवर वेळांची यादी, संगणकाशेजारी सहीची नोंदवही आणि मुलाचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याची वेळ बंद करू नये असा लेखी नियम. मुख्याध्यापकांनी टाळाटाळ केली तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. साध्या कागदावर अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील पालकांना तोही लागत नाही. गेल्या शैक्षणिक वर्षात ग्रंथालयातील संगणक किती विद्यार्थ्यांनी किती दिवस वापरला, त्या नोंदवहीची प्रत मागावी. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. नोंदवहीच ठेवलेली नाही असे उत्तर आले, तर तेही सही-शिक्क्यानिशी घ्यावे आणि समितीच्या पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवावे.