तोन्ले साप : उलट वाहणारी नदी आणि तिचे सरोवर

नदी उंचावरून सखल प्रदेशाकडे वाहते, हा भूगोलाचा पहिला धडा होय. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आत शिरते, हा त्यातला अपवादही किनाऱ्यावरच्या मुलांना ठाऊक असतो. परंतु भरतीमुळे नव्हे, तर पावसाळ्यामुळे दरवर्षी काही महिने उलट वाहणारी एक नदी कंबोडियात आहे. तिचे नाव तोन्ले साप. मराठी वाचकाने या नावाने दचकण्याचे कारण नाही. ख्मेर भाषेत 'तोन्ले' म्हणजे मोठी नदी आणि 'साप' म्हणजे गोडे पाणी. नदीला आणि ती ज्यातून निघते त्या सरोवराला हे एकच नाव आहे.

ही नदी सुमारे १२० किलोमीटर लांब असून राजधानी नॉम पेन्ह येथे मेकाँगला मिळते. उन्हाळ्यात सरोवराचे पाणी तिच्या वाटे मेकाँगमध्ये जाते. जूनच्या सुमारास मेकाँगला पूर येतो, तिची पातळी सरोवराहून उंच होते, आणि पाणी मागे फिरून सरोवरात शिरू लागते. उन्हाळ्यात जेमतेम अडीच हजार चौरस किलोमीटर असलेले आणि मीटरभर खोलीचे हे सरोवर पावसाळ्याच्या अखेरीस सुमारे पंधरा हजार चौरस किलोमीटर पसरते; खोली आठ-नऊ मीटरांपर्यंत जाते.

काठचे अरण्य या काळात पाण्याखाली जाते, आणि येथेच सरोवराच्या समृद्धीचे रहस्य आहे. पुराबरोबर आलेला गाळ आणि मेकाँगमध्ये जन्मलेली असंख्य मत्स्यबीजे बुडालेल्या झाडांमध्ये पसरतात. पाला, कीटक व शेवाळ यांवर मासे पोसतात. पाणी ओसरू लागले म्हणजे हेच मासे नदीवाटे मेकाँगच्या खोल डोहांकडे निघतात. तेथील कोळ्यांनी नदीच्या पात्रात 'दाय' नावाच्या मोठ्या पिशवीजाळ्यांच्या रांगा लावलेल्या असतात. जानेवारीतील पौर्णिमेपूर्वीच्या काही दिवसांत माशांचे थवे सर्वाधिक येतात, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. लहान मासे खारवून आंबवतात. त्यालाच 'प्राहोक' म्हणतात. भाताबरोबरचे हे कालवण गरिबाला वर्षभर पुरते. सरोवराच्या वायव्येस प्रेक तोआल येथील बुडत्या अरण्यात झोळीवाले, करकोचे आणि पाणकावळे मोठ्या संख्येने घरटी करतात.

माणसानेही आपले जीवन या चढउताराशी जुळवून घेतले आहे. काही गावांतील घरे कित्येक मीटर उंच खांबांवर उभी असतात. काही गावे तर तरंगतीच असून पाण्याची कड सरकेल तशी तीही सरकतात. सरोवराच्या उत्तरेस अंगकोरचे साम्राज्य नांदले, त्याला भाताइतकाच या माशांचाही आधार होता. बायोन मंदिराच्या भित्तिशिल्पांत मासे आणि नौका कोरलेल्या आजही दिसतात. पाण्याचा प्रवाह पुन्हा फिरला की नौकाशर्यतींचा उत्सव होतो. तो 'कदक' महिन्याच्या पौर्णिमेस येतो. हा शब्द म्हणजे आपला कार्तिकच.

हा क्रम आज अडचणीत आला आहे. मेकाँगवर चीन व लाओस या देशांत मोठी धरणे झाली. नदीच्या पात्रातून वाळूचा प्रचंड उपसा होतो, त्यामुळे तळ खाली जातो आणि तितक्याच पुराला पूर्वीची उंची येत नाही. २०१९ व २०२० या वर्षी पाऊसही अपुरा होता. प्रवाह उशिरा आणि क्षीणपणे फिरला. २०१६ च्या अवर्षणात काठच्या अरण्याचा मोठा भाग जळाला.

धरणे उन्हाळ्यात पाणी सोडतात, तेव्हा सरोवराचे नुकसान कसे, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे की, या सरोवराला केवळ पाणी नको, पाण्याचा चढउतार हवा. पूर उतरला नाही तर सखल भागातील झाडे श्वास कोंडून मरतात. पूर चढला नाही तर मासे अरण्यापर्यंत पोहोचत नाहीत. वीज हवीच, आणि तिची गरज खोटी नाही. परंतु तिचा हिशेब मांडताना केवळ घनमीटर मोजून भागत नाही, ऋतूही मोजावा लागतो. कंबोडियाच्या जनतेला मिळणाऱ्या प्राणिज अन्नाचा बहुतांश भाग माशांतून येतो, आणि त्यांचा फार मोठा वाटा हे सरोवर पुरवते. पुराकडे केवळ आपत्ती म्हणून पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. तोन्ले सापच्या काठी मात्र पूर न येणे हीच आपत्ती होय.