अभिषेकीबुवांच्या चाली

पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी उभे आयुष्य ख्यालगायनाला वाहिले, तरी मराठी घराघरांत त्यांचे नाव पोचले ते त्यांनी बांधलेल्या चालींमुळे. रागसंगीताची तालीम घेणारा एक तरुण गायक स्वररचनेकडे कसा ओढला गेला, हे त्यांच्या पहिल्या पस्तीस-चाळीस वर्षांत फार स्पष्ट दिसते.

त्यांचा जन्म २१ सप्टेंबर १९२९ रोजी गोव्यातल्या मंगेशी येथे झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. घराण्याचे मूळ आडनाव नवाथे. मंगेशाला अभिषेक करण्याचे काम परंपरेने या घराकडे असल्याने ‘अभिषेकी’ हे नाव रूढ झाले. मास्टर दीनानाथ मंगेशकर याच कुळातले. जितेंद्र यांचे वडील देवळात पूजाअर्चा आणि कीर्तन करीत.

कीर्तनकाराच्या घरी वाढणे ही पुढच्या संगीतकाराच्या दृष्टीने मोठीच शिदोरी. कीर्तनात ओवी, अभंग, साकी, दिंडी, आर्या असे नाना प्रकार येतात आणि प्रत्येकाची चाल त्या त्या छंदाच्या वजनाने चालते. कुठला शब्द ओढायचा, कुठला आखडता घ्यायचा, आख्यानात करुण प्रसंग आला की स्वर कसा बदलायचा, हे तिथे कोणी वेगळे शिकवत नाही. ते ऐकून ऐकून कानात मुरते. किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा त्यातही साक्या आणि दिंड्या होत्याच. म्हणजे कीर्तन आणि संगीत नाटक यांची सोयरीक जुनी आहे. अभिषेकी त्या नात्यातच जन्मले, असे म्हणायला हरकत नाही.

गाण्याचे पहिले धडे त्यांना गिरिजाबाई केळेकर यांच्याकडून मिळाले. पुढे शिक्षणासाठी ते महाराष्ट्रात आले. संस्कृत साहित्याची पदवी त्यांनी मिळवली, आणि या पदवीला त्यांच्या संगीतात कमी लेखता येणार नाही. लघु-गुरूची जाण आणि समासाचा अर्थ नेमका कुठे फुटतो याचे भान असलेला गायक शब्द तोडून गात नाही. त्यांच्या चालींत शब्द स्वच्छ ऐकू येतात, त्याचे एक कारण इथे आहे.

मुंबईत त्यांना दीर्घ तालीम मिळाली ती उस्ताद अजमत हुसेन खाँ आणि पंडित जगन्नाथबुवा पुरोहित यांची. हे दोघेही नुसते गायक नव्हते. खाँसाहेब ‘दिलरंग’ या नावाने बंदिशी रचत, तर जगन्नाथबुवा ‘गुणीदास’ या नावाने. ‘जोगकंस’ हा आज मैफलीत रुळलेला राग जगन्नाथबुवांच्या नावावर आहे. गुरू स्वतः रचनाकार असला की शिष्याला बंदिश घडताना पाहायला मिळते: मुखडा कसा सुचतो, समेवर येताना कोणता स्वर हवा, एखादा शब्द बदलला तर तानेला जागा कशी होते. पाठ केलेली चीज ही आपल्यासारख्याच कोणा माणसाने कधीतरी बसून रचलेली वस्तू आहे, हे एकदा मनात ठसले की गायकाचा हात रचनेकडे वळायला वेळ लागत नाही.

त्या काळात एका घराण्याबाहेर पाऊल टाकणे अनेकांना रुचत नसे. अभिषेकींनी मात्र जे जिथे चांगले दिसले ते तिथून घेतले. जयपूर घराण्याच्या गायकीसाठी गुलूभाई जसदनवाला यांच्याकडेही ते गेले. या वृत्तीमुळे त्यांच्या गळ्यात आणि त्याहून अधिक त्यांच्या कानात अनेक गायक्या एकत्र नांदल्या. पुढे नाटकांत याचे फळ दिसले.

चाल बांधण्याची पहिली खरी संधी दिली आकाशवाणीने. मुंबई केंद्रावर त्यांनी काही काळ नोकरी केली आणि तिथल्या कार्यक्रमांसाठी अनेक रचना केल्या. रेडिओचे काम विलक्षण कसोटीचे असते. मैफलीत राग तासभर फुलवता येतो. इथे मिनिटे मोजून दिलेली असतात, आणि रागाचा अर्क, कवितेचा भाव व वाद्यांची जागा सगळे त्यात बसवावे लागते. शिवाय गाणारा गळा दुसऱ्याचा. त्या गळ्याला झेपेल, शोभेल असे रचायचे, तर स्वतःच्या गाण्याबाहेर उभे राहून विचार करावा लागतो. गायकाचा संगीतकार होतो तो इथे.

१९६४ मध्ये मुंबईच्या गोवा हिंदू असोसिएशनने वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणले आणि संगीत अभिषेकींकडे सोपवले. ते तेव्हा पस्तिशीच्या उंबरठ्यावर होते. जुन्या नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून एखाद्या प्रसिद्ध चिजेचे नाव दिलेले असे. पद त्या साच्यात रचले जाई. गोविंदराव टेंबे यांनी ‘मानापमान’ला (१९११) आणि भास्करबुवा बखले यांनी ‘स्वयंवर’ला (१९१६) याच वाटेने अजोड संगीत दिले. ‘पंडितराज जगन्नाथ’मध्ये (१९६०) वसंत देसाईंनी वेगळी दिशा दाखवली होती. अभिषेकींनी ती पुढे नेली: आधी शब्द आणि प्रसंग, मग त्यातून निघणारी चाल. पदे आटोपशीर झाली, नाटकाची गती गाण्यापायी अडेनाशी झाली, तरी चालीतला राग पातळ झाला नाही. रामदास कामत आणि आशालता वाबगावकर यांनी गायिलेली ‘मत्स्यगंधा’ची पदे साठ वर्षांनंतरही मैफलींत मागितली जातात.

शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ १९६६ चे. त्याच सुमारास कानेटकरांचे ‘लेकुरे उदंड जाली’ आले. एक पौराणिक आणि काव्यमय, दुसरे हसत-खेळत जाणारे आजच्या घरातले. दोन्हींचे संगीतकार अभिषेकीच. पण त्यांच्या रचनाशक्तीचा कळस म्हणावा असे नाटक म्हणजे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७). इथे कथाच दोन घराण्यांच्या संघर्षाची आहे. खाँसाहेब आफताब हुसेन आणि पंडित भानुशंकर यांची गाणी ऐकताच प्रेक्षकाला दोन वेगळे वंश ओळखू यायला हवेत, आणि दोन्ही घराणी एकाच माणसाने निर्माण करायची. नाटकात एकच पद दोन चालींत येते: एकदा सालगवराळीत संथपणे, एकदा धानीत चढ्या लयीत. शब्द तेच राहतात, माणूस बदलतो. सालगवराळी हा कर्नाटक संगीताशी नाते सांगणारा राग, मराठी रंगभूमीला अपरिचित. तो निवडण्याचे धाडस आणि खाँसाहेबांची भूमिका करणाऱ्या वसंतराव देशपांडे यांच्या आक्रमक गळ्यासाठी धानी योजण्याचे शहाणपण, दोन्ही अनेक गुरूंच्या पायाशी बसलेल्या कानालाच जमले. स्वररचना म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल, तर या दोन चाली एकामागून एक ऐकण्याइतका चांगला धडा मराठीत दुसरा नाही.

यानंतर अभिषेकींनी आणखी पुष्कळ नाटकांना संगीत दिले. ‘संत गोरा कुंभार’ त्यांतलेच. मैफलीचे गाणे त्यांनी कधी सोडले नाही आणि शिष्यही मुक्तहस्ते तयार केले. १९८८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ७ नोव्हेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये ‘कट्यार’वर चित्रपट निघाला, तेव्हा नव्या गाण्यांबरोबर त्यांच्या मूळ चालीही त्यात घेतल्या गेल्या, आणि या चित्रपटातील गायनासाठी त्यांचेच शिष्य महेश काळे यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.