चिखलाचा दगड होतो तेव्हा

सिरॅमिकच्या वर्गात नवख्याला सहसा आधी चाकावर बसवत नाहीत. हातात मुठीएवढा मातीचा गोळा देतात. त्यात अंगठा खुपसायचा आणि गोळा फिरवत फिरवत कड चिमटीत दाबत जायची. थोड्या वेळात वाटी आकाराला येते. याला पिंच पॉट म्हणतात. ती बहुधा जाड आणि वाकडी होते. पण तिच्यात जे काही घडतं ते थक्क करणारं आहे.

रबर दाबून सोडलं की मूळ आकारावर येतं, कोरडी वाळू ढासळते. ओली माती मात्र दाबाल तशीच राहते. केओलिनाइटसारख्या खनिजांचे चपटे, बहुतेक 2 मायक्रॉनहूनही लहान कण एकमेकांवर रचलेले असतात आणि त्यांच्यात पाण्याचा पातळ थर असतो. एकावर एक ठेवलेल्या ओल्या काचांसारखे ते सरकतात, पण सहज सुटत नाहीत.

नंतर येतात वळ्या रचून केलेली भांडी आणि मग कान असलेला कप. जोडायच्या जागी ओरखडे काढून पातळ माती, म्हणजे स्लिप, लावतात. कप आणि कान यांची ओल सारखी हवी, कारण ओल्या मातीपासून भाजून निघेपर्यंत भांडं साधारण दहाव्या हिश्श्याने आटतं. एक भाग जास्त आटला की सांधा तडकतो.

खरी गंमत आहे ती पाण्याची. मातीत पाणी दोन प्रकारचं असतं. पहिलं हवेत वाळतं. ते पुरतं गेलेलं नसताना भट्टी तापली तर त्याची वाफ होते आणि भांडं फुटतं. दोष हवेच्या बुडबुड्यावर जातो, पण फोडणारी असते ती ओल. जाड तळाची भांडी म्हणूनच सावकाश वाळवावी लागतात.

दुसरं पाणी स्फटिकाच्या रचनेतच बांधलेलं असतं. शुद्ध केओलिनाइटच्या वजनात त्याचा वाटा जवळजवळ 14 टक्के! हाताला खडखडीत कोरडं लागणारं भांडंसुद्धा एवढं पाणी पोटात बाळगून असतं. साधारण 450 ते 600 अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते निघून जातं आणि त्यानंतर ती माती माती राहत नाही. कितीही भिजवा, पुन्हा चिखल होत नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा जोर्वे संस्कृतीची काळ्या नक्षीची तांबडी भांडी सापडली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या मातीच्या भिंती ढासळल्या. भांड्यांची खापरं मात्र टिकली, कारण त्यांना आगीची धग लागली होती.

पहिली भाजणी साधारण 1000 अंशांची, तिला बिस्क म्हणतात. भांडं अजून सच्छिद्र असतं, म्हणून ग्लेझचं पातळ मिश्रण शोषून घेतं. ग्लेझ म्हणजे भांड्यावरच वितळवलेली काच. काचेचा मूळ घटक सिलिका, पण ती एकटी 1700 अंशांच्या पुढे वितळते. फेल्डस्पार आणि चुनखडी यांच्या संगतीने ती 1200 च्या आसपास वितळते; ॲल्युमिना तिला ओघळू देत नाही. तांबं मिसळलेलं ग्लेझ भरपूर हवेत हिरवं होतं, आणि भट्टीतला प्राणवायू कमी केला तर तेच लाल! या रसायनासाठी तरी एकदा भट्टी उघडताना तिथे हजर राहावं.

आता एक विनंती. सगळ्याच वाट्या भाजू नका. न भाजलेली वाटी पूर्ण वाळवून पाण्यात टाकली की विरघळते, आणि तीच माती पुन्हा मळता येते. जी ठेवायची असेल तिच्या तळाशी, ओल असतानाच, तारीख कोरा. भट्टीनंतर ती सहजी पुसली जात नाही.