भिंतीच्या दोन तारखा

रेडिओवर नकाशा दाखवता येत नाही, तो सांगावा लागतो. त्यात मी कवी, शिक्षण बी. ए. पर्यंतचं. बांधकामातलं मला तेवढंच कळतं, जेवढं घरमालकाला कळतं. पण सोलापूरच्या जुन्या पेठेतलं माझ्या बहिणीच्या सासरचं घर नव्यानं बांधायला निघालं आणि त्याचे नकाशे माझ्या भाचीनंच संगणकावर काढले. तिच्या शेजारी बसून जे पाहिलं, ते घर बांधू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

आपण नकाशा बघतो म्हणजे काय बघतो? पूर्ण झालेलं घर. हॉल इथे, स्वयंपाकघर तिथे, जिना बाहेरून. पण पेठेतली घरं मोकळ्या प्लॉटवर उगवत नाहीत. आधीचं माळवदाचं घर उभं असतं, त्यात माणसं राहत असतात, मागच्या शेडमध्ये माग चालू असतात. पैसाही एकदम येत नाही. यंदा खालचा मजला, पुढे वरचा. मग मधल्या दिवसांचं काय? चौथ्या महिन्यात चूल कुठे पेटणार, म्हाताऱ्या सासूबाई कुठल्या खोलीत झोपणार, याचं उत्तर पूर्ण झालेल्या घराच्या नकाशात नसतं.

पूर्वी ड्राफ्ट्समन यासाठी ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवत. एकावर जुनं घर, दुसऱ्यावर पाडायचं, तिसऱ्यावर नवं. 1982 साली ऑटोकॅड आलं, त्यातले ‘लेअर’ म्हणजे साधारण हेच पारदर्शक कागद. हवा तो दाखवायचा, नको तो झाकायचा. अडचण एकच. हाताखालच्या मुलानं घाईत एखादी रेघ चुकीच्या लेअरवर मारली, तर पाडायची भिंत राहायच्या भिंतींत जाऊन बसते आणि संगणक काही बोलत नाही.

भाची रेव्हिट नावाच्या दुसऱ्या प्रणालीवर काम करते. तिथे रेघ नसते, भिंतच असते, आणि प्रत्येक भिंतीला दोन नोंदी: कुठल्या टप्प्यात उभी राहिली आणि कुठल्या टप्प्यात पाडली. “मामू, कबरीवर दोन तारखा असतात ना, तसं,” ती म्हणाली. कवी मी, आणि उपमा तिनं दिली! दुसरी नोंद कोरी असेल तर भिंत अजून उभी आहे. पाडलेली भिंत फायलीतून पुसली जात नाही. पाडण्याच्या नकाशात ती तुटक रेघेनं दिसत राहते. जुनं दार पाडलं अशी खूण केली, की पुढच्या नकाशात तेवढी जागा संगणक आपणहून भिंतीनं भरून दाखवतो. आणि टेकू, कच्चा जिना, पत्र्याची मोरी यांच्यासाठीही सोय आहे: ज्या टप्प्यात उभं राहिलं त्याच टप्प्यात गेलं, म्हणजे तात्पुरतं.

आता त्या घराची गोष्ट. मधली जाड भिंत नव्या नकाशात नव्हतीच, तिथे मोठा हॉल होता. कंत्राटदाराच्या हातात शेवटचा नकाशा. त्यानं सरळ हिशेब केला, पहिल्या दिवशी हीच भिंत काढू, मलबा टाकायला जागा होईल. पण माळवदाच्या लाकडी तुळया त्याच भिंतीवर टेकलेल्या, आणि पलीकडच्या खोलीत माणसं झोपणारी. भाचीनं दुसऱ्या टप्प्याचा कागद पुढे केला. त्यावर क्रम स्पष्ट होता. आधी माणसं मागच्या भागात न्यायची, मग माळवद टेकूंवर घेऊन नवे खांब आणि तुळई ओतायची, भिंत त्यानंतर. नव्या तुळईखालचे टेकूही लगेच निघत नाहीत. आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या कामात 6 मीटरपर्यंतच्या गाळ्याला ते किमान 14 दिवस ठेवायचे असतात. कंत्राटदार कुरकुरला, पण थांबला. त्याची तरी काय चूक? त्याला दिलेल्या कागदावर ती भिंत दिसतच नव्हती.

पाण्याच्या हौदाचंही तसंच. चार-चार दिवसांआड पाणी भरलेल्या या शहरात नवा हौद भरल्याशिवाय जुना फोडायचा नाही, हे बहिणीनं बजावलं. मग हौदालाही दोन नोंदी मिळाल्या.

एक गोष्ट मात्र संगणकाच्या हातातली नाही. महापालिकेच्या मंजुरीच्या नकाशात नवं काम लाल आणि पाडायचं पिवळं दाखवायचा संकेत आहे. साइटवर जाते ती झेरॉक्स, काळीपांढरी. रंग गेला की पिवळी भिंत आणि लाल भिंत सारखीच! म्हणून रंगाबरोबर तुटक रेघ, तिरप्या रेघा आणि ठळक अक्षरांत ‘टप्पा दुसरा’ असं लिहिलेलं हवंच. मिस्त्रीला वाचता येईल अशा मराठीत लिहिलं तर उत्तम.

हाच प्रश्न एका घरावरून वसाहतीवर नेऊन बघा. कुंभारीला 2006 साली विडी कामगारांच्या 10 हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. पुढे रे नगरची 30 हजार घरांची योजना आली, त्यातली 15 हजार जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. एवढ्या मोठ्या कामात टप्पा म्हणजे नुसता घरांचा आकडा नव्हे. आधीच्या घरांत माणसं राहायला आली की नंतरच्या घरांचे ट्रक त्यांच्या दारावरून जाणार. रस्ता, जलवाहिनी, गटार, विजेचे खांब कुठल्या टप्प्यात उभे राहणार, याची नोंद घरांच्या बरोबरीनं लागते. गटार पुढच्या टप्प्यात आणि माणसं आधीच्या टप्प्यात, असं झालं तर काय होतं ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.

बहिणीच्या घराचा खालचा मजला झाला. वरच्या दोन खोल्या धाकट्याच्या लग्नाच्या वेळी. त्यांचं वजन धरूनच पाया आणि खांब केलेत. गच्चीवर खांबांचे गज वर आलेले आहेत, गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटची खीर लावली आहे. फायलीत त्या खोल्या ‘टप्पा तिसरा’ म्हणून काढून ठेवल्या आहेत. खालच्या नळांच्या आणि वायरिंगच्या जागाही, काम झालं तशा, त्याच फायलीत भरल्या आहेत. फायलीची एक प्रत बहिणीकडे असते, घराच्या उताऱ्याच्याच पिशवीत.