दारू सोडवणाऱ्यांचे शिक्षण

वर्धा जिल्ह्याच्या नकाशात समुद्रपूर तालुका शोधला तर तो जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या टोकाला सापडतो. एका अंगाला नागपूर जिल्हा, दुसऱ्या अंगाला चंद्रपूर. वर्धा जिल्ह्यात 1970च्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधी-विनोबांच्या वास्तव्याचा तो वारसा. नागपूर जिल्ह्यात बंदी नाही. चंद्रपूर जिल्ह्यात ती 1 एप्रिल 2015 रोजी आली आणि 2021 साली उठली. म्हणजे समुद्रपूरचा माणूस कायद्याने कोरड्या प्रदेशात राहतो, पण हद्द ओलांडली की दुकान उघडे असते. शिवाय नाल्याकाठी मोहाचा सडवा आणि हातभट्टी आहेतच. जामच्या चौकातून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो, त्याचीही भर.

बंदी असावी की नसावी हा वाद आम्ही येथे घेत नाही. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्याला दारूवाचून सकाळ काढता येत नाही असा माणूस अशा तालुक्यात मदतीसाठी कोणाकडे जातो, आणि ज्याच्याकडे जातो त्याला मदत कशी करावी हे कोणी शिकवलेले असते का?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी पावणेतीन ते तीन कोटी तिच्यावर पुरते अवलंबून आहेत. या अवलंबून असलेल्यांमध्ये दर 38 माणसांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळालेला होता. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला तर 180 मध्ये एक. उरलेले 37 जण कोणालाच भेटत नाहीत असे मात्र नाही. ते आशाताईंना भेटतात, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला भेटतात, बचत गटातील बायकांच्या बोलण्यात येतात, आणि मुलाच्या गैरहजेरीच्या निमित्ताने गुरुजींसमोर उभे राहतात. मनोविकारतज्ज्ञांची संख्या दहापट झाली तरी ही पहिली भेट त्यांच्याशी होणार नाही. म्हणूनच या पहिल्या माणसांच्या प्रशिक्षणाला महत्त्व आहे.

शपथेतला धोका

या प्रशिक्षणात सर्वांत आधी काय शिकवावे? आमच्या मते, दारू अचानक बंद झाल्यावर शरीरात काय घडते ते.

एक छोटे गणित वर्गातही करता येईल. 180 मिलिलिटरच्या बाटलीत 42.8 टक्के अल्कोहोल असेल तर शुद्ध अल्कोहोल सुमारे 77 मिलिलिटर झाले. त्याची घनता 0.79 धरली तर वजन 61 ग्रॅम. निरोगी यकृत ताशी साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल जाळते. म्हणजे रात्री नऊला रिकामी झालेली बाटली रक्तातून नाहीशी व्हायला पहाटेचे तीन ते सहा वाजतात. रोज पिणाऱ्याचे हात सकाळी का थरथरतात याचे उत्तर या गणितात आहे. (हातभट्टीच्या दारूसाठी मात्र हे गणित मांडता येत नाही, कारण तिची तीव्रता भट्टीगणिक बदलते.)

आता मेंदूकडे वळू. मेंदूत चेतापेशींना शांत करणारी काही रसायने असतात आणि उत्तेजित करणारीही असतात. गाबा हे शांत करणारे, ग्लुटामेट हे उत्तेजित करणारे. अल्कोहोल गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते. हे वर्षानुवर्षे रोज घडू लागले की मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट दिशेने जोर लावतो. गाबाला दाद देणे कमी करतो, ग्लुटामेटला अधिक देतो. रस्सीखेचीत एका बाजूने दोर एकदम सोडला तर दुसरी बाजू जशी कोलमडते, तसे दारू एकाएकी थांबल्यावर होते. उत्तेजनाला आवर घालणारे कोणी उरत नाही.

सहा ते चोवीस तासांत हातांना कंप, घाम, धडधड, झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत काहींना झटके येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींचे भान जाते. भिंतीवर किडे दिसतात, कोणी बोलावत असल्याचे भास होतात, ताप चढतो. घरचे म्हणतात, बाहेरचे काहीतरी झाले. वैद्यक याला उन्मादावस्था म्हणते. अवलंबून असलेल्यांपैकी शंभरात सुमारे पाच जणांवरच ही पाळी येते, पण ज्यांच्यावर येते त्यांच्या जिवाला धोका असतो. योग्य उपचार मिळाले तर मृत्यूचे प्रमाण पाच टक्क्यांखाली राहते. न मिळाल्यास ते कित्येक पट होते.

आता गावातल्या रिवाजाकडे पाहा. सभा भरते, माणसाला देवासमोर उभे केले जाते, आजपासून थेंबही घेणार नाही अशी शपथ दिली जाते, टाळ्या पडतात. हेतू शंभर टक्के चांगला. पण वीस वर्षे रोज पिणाऱ्या माणसाला ही शपथ सोमवारी दिली तर गुरुवार हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा दिवस ठरू शकतो. कोरड्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट घडते. पोलिसांनी भट्ट्या फोडल्या की शपथ न घेतलेल्यांचीही दारू एका रात्रीत बंद होते. 2020च्या टाळेबंदीत सगळ्या देशाने याचा अनुभव घेतला. दुकाने बंद झाल्यावर रुग्णालयांत असे रुग्ण येऊ लागले.

याला जोडून आणखी एक तपशील. पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, बहुधा कमी असते. अशक्तपणा आला म्हणून त्याला ग्लुकोजचे सलाईन लावले तर ग्लुकोज वापरण्यासाठी उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून थायमिनचे इंजेक्शन आधी किंवा निदान सोबत द्यायचे असते. हे एक वाक्य माहीत असलेली परिचारिका आणि माहीत नसलेली परिचारिका यांच्यातला फरक रुग्णाला जन्मभर पुरतो.

तेव्हा पहिल्या माणसाचे पहिले काम उपदेश करणे नव्हे, चौकशी करणे आहे. सकाळी हात थरथरतात का? पूर्वी दारू थांबवल्यावर झटका आला होता का, भास झाले होते का? उत्तर होकारार्थी असेल तर माणसाला घरी सोडवण्याच्या भानगडीत न पडता डॉक्टरांकडे न्यावे. समुद्रपूरला ग्रामीण रुग्णालय आहे. जिल्ह्यातच सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली दोन मोठी रुग्णालये आहेत.

बोलण्याची विद्या

दुसरा भाग बोलण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने 1989 साली दहा प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. तिला ऑडिट म्हणतात. किती वेळा घेता, एका बैठकीत किती घेता, घेतल्यामुळे काम चुकले का, असे प्रश्न. गुण 0 ते 40. आठच्या वर गेले की काळजी सुरू, वीसच्या वर गेले की अवलंबित्वाची शंका. ही चाचणी करायला पदवी लागत नाही. पण खरे कसब चाचणी झाल्यानंतर लागते.

बहुतेक पिणाऱ्यांच्या मनात दोन आवाज असतात: सोडावी, आणि राहू द्यावी. आपण ‘सोड’ म्हटले की तो आपसूक दुसऱ्या आवाजाची वकिली करू लागतो. विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1983 साली यावरून एक पद्धत मांडली. पिणाऱ्याचे युक्तिवाद खोडू नयेत. सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून येतील असे विचारावे. हा फरक कानाने कळतो.

‘‘भाऊ, सोडत काऊन नाही जी? लेकराकडं तरी पाहा.’’ यावर उत्तर ठरलेले: ‘‘ताई, दिवसभर कापूस वेचून अंग दुखते. घेतल्याबिगर झोप येत नाही.’’

आणि असे विचारले तर: ‘‘भाऊ, घेतल्यावर झोप लागते म्हणता. मंग सकाळी कसं वाटते?’’ ‘‘सकाळी तर हालच होते ताई. हात कापते. पोरगी पाहते, लाज वाटते.’’ आता ताईंनी गप्प बसून हे शेवटचे वाक्य ऐकायचे आहे. नव्या प्रशिक्षणार्थ्याला हे गप्प बसणेच सर्वांत अवघड जाते. आम्हां शिक्षकी पेशातल्यांना तर फारच!

असे बोलणे सामान्य माणसांना शिकवता येते का, याची उत्तम परीक्षा गोव्यात झाली. संगथ या संस्थेने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक माणसे समुपदेशक म्हणून नेमली. त्यांच्यापैकी कोणाचेही मानसिक आरोग्याचे आधीचे शिक्षण नव्हते. वर्गातले प्रशिक्षण, मग प्रत्यक्ष रुग्णांसोबत उमेदवारी, आणि त्यात जे खरोखर तयार झाले त्यांचीच निवड. ऑडिट चाचणीत 12 ते 19 गुण असलेल्या पुरुषांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला नेहमीची सुधारित सेवा, दुसऱ्याला त्याशिवाय जास्तीत जास्त चार भेटींचे समुपदेशन. तीन महिन्यांनी धोकादायक पिण्यातून बाहेर पडलेले पहिल्या गटात 26 टक्के होते, दुसऱ्यात 36 टक्के. मागील चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले 18 टक्क्यांविरुद्ध 42 टक्के. हे निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. जे पीतच राहिले त्यांच्या पिण्याचे प्रमाण मात्र समुपदेशनाने कमी झाले नाही, हेही त्याच लेखात प्रामाणिकपणे नोंदले आहे. आणि 20 च्या वर गुण असलेले या प्रयोगात नव्हते, हे विसरू नये.

कार्यशाळेनंतर काय उरते?

येथे शिक्षक वाचकांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न येतो. दोन दिवसांची कार्यशाळा, चहा, फाइल, प्रमाणपत्र, शेवटी ‘खूप शिकायला मिळाले’ असा अभिप्राय. याने काम बदलते का?

मिलर यांनी स्वतःच्याच कार्यशाळेवर हा प्रश्न लावला. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी प्रशिक्षणार्थ्यांचे अभिप्राय आणि त्यांच्या कामाच्या ध्वनिफिती शेजारी ठेवल्या. अभिप्रायांत मोठी प्रगती होती. फितींत थोडीशीच, आणि समोरच्या माणसाच्या बोलण्यात तर फरकच नव्हता. आपण शिकलो असे वाटल्यामुळे पुढे शिकण्याची गरजही प्रशिक्षणार्थ्यांना वाटेना, ही त्यातली खरी मेख.

मग 2004 साली 140 व्यावसायिकांचे पाच गट केले. एकाला कार्यशाळा नाही, फक्त स्वतःहून शिकण्याचे साहित्य. दुसऱ्याला कार्यशाळा. तिसऱ्याला कार्यशाळा आणि नंतर त्यांच्या फिती ऐकून लेखी अभिप्राय. चौथ्याला कार्यशाळा आणि दूरध्वनीवरून मार्गदर्शन. पाचव्याला सर्व काही. कार्यशाळेने कौशल्य वाढले, पण अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालेल्यांचे ते अधिक वाढले. आणि पिणाऱ्याच्या तोंडून ‘सोडायला हवी’ अशी वाक्ये वाढली ती केवळ पाचव्या गटात.

यात आश्चर्य नाही. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1927 साली लोकांना डोळे बांधून ठराविक लांबीच्या रेषा काढायला लावल्या. शेकडो रेषा काढूनही कोणी सुधारले नाही. बरोबर की चूक एवढेच सांगू लागताच सुधारले. हा प्रयोग नववीच्या वर्गात एका तासात होतो. निम्म्या मुलांना डोळे मिटून 10 सेंटिमीटरच्या वीस रेषा काढू द्याव्यात. उरलेल्यांना प्रत्येक रेषेनंतर ‘लांब’ किंवा ‘आखूड’ असे सांगावे. मग मोजपट्टीने मोजून आलेख काढावा. व्यसनमुक्तीचा कार्यकर्ता कार्यशाळेनंतर डोळे बांधून रेषा काढत असतो. समोरचा पुन्हा आला नाही तर का आला नाही हे त्याला कोणी सांगत नाही.

महाराष्ट्रात या क्षेत्रात शिकण्याची ठिकाणे आहेत. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते होतात, आणि इतर केंद्रांच्या कार्यकर्त्यांनाही तेथे प्रशिक्षण मिळते. स्वतःचा अनुभव हे मोठे भांडवल आहे, पण त्यात एक खाच आहे: ‘मी असा सुटलो, तूही तसाच सुट’ असे वाटू लागते. म्हणून अशा कार्यकर्त्यालाही ऐकण्याचे शिक्षण हवे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. तेथे 2016 साली सुरू झालेल्या मुक्तिपथ उपक्रमाने बंदीच्या जोडीला तालुक्यात उपचार-केंद्रे आणि गावोगाव शिबिरे ठेवली. बंदी आणि उपचार यांची ही सांगड वर्ध्याने बारकाईने पाहण्यासारखी आहे. दूरच्या डॉक्टरांना तज्ज्ञांशी दृक्श्राव्य माध्यमातून नियमित जोडण्याची, रुग्णाची माहिती मांडून एकत्र शिकण्याची रीत न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 साली हेपॅटायटिस-सीच्या रुग्णांसाठी सुरू केली. बंगळूरच्या निमहान्सने ती व्यसनोपचारासाठी आपल्याकडे आणली.

समुद्रपूरसारख्या तालुक्यात याहून स्वस्त गोष्टही जमेल. गोव्यातील समुपदेशक आठवड्याला एकत्र बसून एकमेकांच्या ध्वनिफिती ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत. तज्ज्ञ दररोज लागत नाही. पाच-सहा आशाताई, एक समुदाय आरोग्य अधिकारी, इच्छा असल्यास एखादे शिक्षक. महिन्यातून एक दुपार, एक मोबाइल फोन. पहिल्या महिन्यात फक्त दोन गोष्टी मोजाव्यात: आपण किती मिनिटे बोललो आणि समोरचा किती. दुसऱ्या महिन्यात प्रश्नांचे दोन ढीग करावेत, ‘हो-नाही’ने संपणारे आणि न संपणारे. अवघड रुग्णाची गोष्ट नाव न घेता सेवाग्राम किंवा सावंगीच्या डॉक्टरांपुढे मांडावी. 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे.

एक अडचण गोव्यापेक्षा येथे मोठी आहे. बोलणाऱ्याची संमती घेतली, नाव-गाव काढून टाकले, तरी लहान गावात आवाजावरून माणूस ओळखू येतो. आणि बंदी असलेल्या जिल्ह्यात दारू पिण्याची कबुली ही गुन्ह्याची कबुलीही ठरू शकते. तेव्हा गिरडच्या परिसरातील ध्वनिफीत मांडगावच्या गटाने ऐकावी, मांडगावची गिरडने, आणि गुण लिहून झाले की त्याच बैठकीत ती पुसून टाकावी.